साठ माणसांची सर्व्हिसिंग

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकवीस वर्षं त्यांनी एकाच कंपनीत आणि एकाच खाकी पिशवीत काढली, असं ताई म्हणते. बोलणं मोजकं. त्यात त्यांचा दोष नाही. लिफ्टच्या कामात एक माणूस वर मशीनखोलीत असतो, दुसरा तळाच्या खड्ड्यात, आणि मध्ये आठ मजल्यांचा अंधार. तिथं लांबलचक वाक्यं बोलून भागत नाही. "थांब", "सोड", "अजून", "बास" या चार शब्दांवर त्यांचा दिवस जातो. लग्नात पाळकांनी विचारलं, "या मुलीचा स्वीकार करतोस का?" तेव्हा ते "हो" म्हणाले, आणि पाळक पुढचं वाक्य सुरू करतात तोच "बास" म्हणाले. आमच्याकडे त्यावरून त्यांना अजून चिडवतात.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे कार्ड. प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत खिळ्याला एक जाड पिवळं कार्ड टांगलेलं असतं. तारीख, काय तपासलं, काय बिघडलंय, खाली सही. दर महिन्याला लिफ्ट बिघडो न बिघडो, जाऊन बघायचं आणि कार्ड भरायचं. याला ते सर्व्हिसिंग म्हणतात. एखादं लग्न मोडल्याची बातमी आली, की भावोजी मान हलवतात आणि म्हणतात, "कार्ड नव्हतं."

तर ताईला परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळात दोन वर्षांसाठी नर्सची नोकरी लागली. जायचं ठरलं. प्रश्न एकच होता, रविवार.

ताईच्या घरी रविवारची सकाळ म्हणजे रणांगण. तीन मुलं. थोरली तेव्हा तेरा वर्षांची, मधला दहाचा, आणि शेंडेफळ सहाचं. सहा दिवस ठणठणीत असणारी ही तिघं सातव्या दिवशी सकाळी आठला एकदम आजारी पडायची. मधल्याचा एक बूट दर रविवारी हरवायचा, आणि दर वेळी डावाच. शेंडेफळ पलंगाखाली जाऊन बसायची आणि "मी घरात नाहीये" असं आतून ओरडून सांगायची. ताई एकीला काखेत, एकाला दंडाला आणि एकीला नुसत्या डोळ्यांनी धरून चर्चला न्यायची. पोचेपर्यंत तिचीच अशी दमछाक व्हायची की पहिलं गीत ती बसूनच म्हणायची.

निघताना विमानतळावर ती भावोजींना म्हणाली, "अहो, बाकी काही नको. मी परत येईपर्यंत मुलांना मंडळीची आवड लागली पाहिजे. आपण होऊन."

भावोजी बुचकळ्यात पडले. त्याचं असं आहे, की लिफ्टच्या कामावरची सगळी माणसं बायकोला "आमची मंडळी" म्हणतात. भावोजीही तसंच म्हणतात. "आमच्या मंडळींना विचारतो", "आमच्या मंडळी माहेरी गेल्यात". त्यामुळे ते तिच्याकडे बघत म्हणाले, "आवडतेस की तू त्यांना."

"अहो, ती मंडळी नव्हे!" ताई रडता रडता हसली. "देवाची मंडळी! आपली चर्चची!"

"हां. ती."

"तुमचं लक्ष कुठे असतं? दोन वर्षांनी थोरलीचं दृढीकरण आहे. मी त्याच आठवड्यात परत येते. आणि ती म्हणतेय की मी पुढे जाऊन 'नाही' म्हणणार."

दृढीकरण म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूल लहान असताना आईबाप त्याच्या वतीने देवाला वचन देतात. पंधराव्या वर्षी पाळक त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून विचारतात, की आता तुझ्या तोंडाने सांग, तुला स्वतःच्या इच्छेने या मंडळीत राहायचंय का? तिथं आईबापांनी मध्ये बोलायचं नसतं. आमच्या चर्चमध्ये आजवर कोणीही "नाही" म्हटलेलं नाही. पण थोरली आमच्या आजोबांवर गेली आहे. बोलली की बोलली.

"बघतो," भावोजी म्हणाले. हा त्यांनी दिलेला शब्द होता. लिफ्टबद्दल "बघतो" म्हणाले की लिफ्ट चालू होतेच, हे मी स्वतः पाहिलंय.

पहिल्यांदा त्यांनी बिघाड कुठे आहे ते शोधायला घेतलं. मुलांना ओळीने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, वही उघडली आणि विचारलं, "मंडळीत काय आवडत नाही?"

"माणसं," थोरली म्हणाली.

"मला सगळं आवडतं," मधला म्हणाला. "फक्त तिथं जायला आवडत नाही."

"माझे पाय जमिनीला पोचत नाहीत," शेंडेफळ म्हणाली.

भावोजींनी तिन्ही लिहून घेतलं आणि पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब तेव्हा आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले होते, म्हणजे तसं बघता भावोजी कामावरच होते. वरचा दरवाजा उघडून ते पालथे झोपले आणि खाली डोकावून म्हणाले, "साहेब, मंडळी म्हणजे नक्की काय?"

"आधी मला काढा हो!"

"काढतो. तोवर सांगा."

पाळकसाहेब माणूस भला. त्या अवस्थेतही त्यांनी व्यवस्थित सांगितलं, की मंडळी म्हणजे विटा नव्हेत, बाकं नव्हेत, घंटा नव्हे. मंडळी म्हणजे माणसं. माणसांवर प्रेम जडलं, की मंडळीवर जडलं.

"किती माणसं?"

"रजिस्टरवर पासष्ट आहेत."

"एवढीच ना," भावोजी म्हणाले आणि त्यांनी साहेबांना वर ओढलं.

पासष्टमधून घरची पाच गेली. राहिली साठ. तीन मुलं. प्रत्येकी वीस. भावोजींना गणित इतकं सरळ सुटलेलं पाहून देवाचाच हात आहे असं वाटलं. कंपनीत जुनी कोरी कार्डं पडली होती, ती त्यांनी मागून आणली, साठ कार्डांवर साठ जणांची नावं लिहिली, ती आपल्या पिवळ्या हेल्मेटमध्ये टाकून हलवली आणि मुलांना म्हणाले, "काढा."

नियम असे. प्रत्येकाने आपापल्या वीसांना महिन्यातून एकदा बघून यायचं. बोलायचं, विचारपूस करायची आणि कार्ड भरायचं. कार्डावरचे रकाने लिफ्टचेच होते. दरवाजा, आवाज, वेग, दिवे, शेरा. शेवटी एक रकाना त्यांनी स्वतः रेघ मारून वाढवला: प्रेम जडलं का? त्यात तीनच उत्तरं चालणार होती. "हो", "नाही" आणि "पार्ट मागवलाय".

मला याचा पत्ता नव्हता. एका संध्याकाळी शाळेच्या ऑफिसातून घरी येऊन चहा टाकते तोच शेंडेफळ दारात, गळ्यात दोरीने अडकवलेली पेन्सिल.

"मावशी, तू बरी आहेस का?"

"आहे की. का गं?"

"वर-खाली जाताना काही त्रास?"

"कसला त्रास?"

तिने माझ्या दाराची कडी दोनदा उघडून लावून बघितली, दिवा लावून विझवला, एक बिस्कीट खाल्लं आणि निघून गेली. पुढच्या महिन्यात तिच्याऐवजी मधला आला.

"तू कसा आलास? ती कुठेय?"

"तू आता माझी आहेस, मावशी. तिने तुला बदललं."

"बदललं? कोणावर?"

"चर्चमध्ये पायपेटी वाजवतात त्या आजींवर." मग प्रामाणिकपणे म्हणाला, "आणि वर तिने मला एक खोडरबर दिलं."

"म्हणजे आजी माझ्यापेक्षा भारी पडल्या?"

"नाही गं. तू सोपी आहेस. सोप्यांना भाव नाही."

एका खोडरबराने माझी किंमत आजींच्या बरोबरीला आली होती. मी माझं कार्ड मागितलं. त्यावर सहा वर्षांच्या अक्षरात लिहिलं होतं: दरवाजा लगेच उघडतो. आवाज जास्त. बिस्किटं मऊ पडली. प्रेम जडलं का? आधीच होतं.

ते वाचून माझा राग गेला. पण मंडळीत एव्हाना धांदल उडाली होती. आपल्याकडे मुलं अचानक विचारपूस करायला आली, की माणसाला पहिली शंका येते ती स्वतःच्या तब्येतीची. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी बेकरीवाल्यांनी मधल्याची भेट झाल्याबरोबर रक्त तपासून घेतलं. दातांचे डॉक्टर घाबरले, कारण आजवर कुठलंही मूल त्यांच्या दाराशी आपण होऊन आलं नव्हतं. त्यांच्या कार्डावर मधल्याने लिहिलं: दरवाजा उघडतो, पण मग आपलं तोंडही उघडायला लावतात. खोकणारे मास्तर म्हणून आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ आहेत, प्रार्थनेत सगळीकडे शांत झालं की ते नेमके खोकतात. तीस वर्षं आम्ही त्यांना मनातल्या मनात क्षमा करत आलो. मधल्याने सरळ विचारलं, "काका, तुम्ही तेव्हाच का खोकता?" ते म्हणाले, "अरे, एकदम आवाज बंद झाला की मला वाटतं आपण ठार बहिरे झालो. म्हणून खोकून बघतो."

तीस वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी शांततेत ते खोकले, तेव्हा मधल्याने मागे वळून त्यांना अंगठा दाखवला. ऐकू येतंय, असा. मास्तर हसले. मी डोळे मिटायला हवे होते, पण मी पाहिलं.

तक्रार झालीच. पंचांची सभा चर्चच्या मागच्या खोलीत भरली, घडीच्या खुर्च्या उघडून. भावोजी कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. मी सभेचं लिहून घ्यायला असते, म्हणून मीही.

"देवाच्या लेकरांची सर्व्हिसिंग? माणूस म्हणजे काय लिफ्ट आहे?" बेकरीवाले पंच कडाडले.

"नाही," भावोजी म्हणाले. "लिफ्टला बटण असतं."

"माझ्या कार्डावर काय लिहिलंय ते मला कळलंच पाहिजे!"

भावोजींनी कार्ड काढून दिलं. पंचांनी चष्मा लावून वाचलं. वेग: सावकाश. आवाज: घरघर, पण आतून पाव भाजल्याचा वास. प्रेम जडलं का? हो. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालायला गेले, मग लक्षात आलं की ते परत द्यायचंय. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बरं, मुलांनी मनापासून केलंय असं दिसतंय."

मग काय, सगळ्यांनाच आपापली कार्डं बघायची होती. एक पंच तर रागावून उठले, की या महिन्यात आमच्याकडे कोणी फिरकलंच नाही, आम्ही काय बंद पडलेले आहोत का? पाळकसाहेबांनी आपलं कार्ड शेवटी मागितलं. ते शेंडेफळाकडे होतं. त्यावर होतं: सुरू छान होतात. थांबताना धक्का बसतो. साहेब म्हणाले, "हे तिनं लिहिलं?" भावोजी म्हणाले, "शेरा तिचा. शब्द माझे." पुढच्या रविवारपासून उपदेश सात मिनिटांनी आखडला आणि हळूच थांबायला लागला. देवाला हसू येत असेल का, असं मला कधीकधी वाटतं. येत असावं, नाहीतर त्याने आमचीच मंडळी एका छपराखाली आणली नसती.

वर्ष सरलं. मधल्याचा डावा बूट हरवायचा थांबला, कारण रविवारी सकाळी त्याला चार-पाच जणांना आटोपायचं असायचं. शेंडेफळ आधी जाऊन दाराशी उभी राहायची. ताईचा फोन यायचा, "कसं चाललंय हो?" भावोजी म्हणायचे, "चालू आहे." तिला हायसं वाटायचं. तिला काय ठाऊक, की एका कार्डापाशी सगळं अडलंय.

ते कार्ड होतं पाय-खाली बाईंचं. वजनमाप खात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या बाई. सगळ्यात मागच्या बाकावर बसायच्या आणि पुढे कुठलंही मूल जरा हललं, की उपासनेच्या मध्येच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पाय खाली!" एकदा नवीन पाळकांनीही घाबरून पाय खाली घेतले होते, आणि ते तर उभे होते. हेल्मेटमधून हे कार्ड थोरलीच्या वाट्याला आलं. तिने ते कोणाला तरी देऊन टाकायचा प्रयत्न केला. मधला म्हणाला, "माझे सहा जण घेतलेस तर ही एक घेईन." शेंडेफळ कानांवर हात ठेवून पलंगाखाली गेली.

पहिल्या भेटीचं थोरलीने मला जसंच्या तसं सांगितलं. बाई चौथ्या मजल्यावर राहतात. दार साखळी लावूनच उघडलं.

"कोण?"

"मी चर्चमधली."

"काय काम आहे?"

थोरलीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "प्रेम."

"काय?"

"म्हणजे… महिन्याची तपासणी."

"चौतीस वर्षं मी लोकांना तपासलं. मला कोणी तपासत नाही." दार बंद.

थोरलीने लिहिलं: दरवाजा अडकतो. पार्ट मागवलाय.

ती दर महिन्याला जात राहिली, मग चिडून दर गुरुवारी जायला लागली. साखळी निघाली, पण बाईंची जीभ तशीच राहिली. बाई तिला तिच्या वेणीवरून बोलत, अक्षरावरून बोलत, तिच्या बापाच्या धंद्यावरून बोलत. त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. सत्तराव्या वर्षी चार मजले चढून जायच्या. का, तर लिफ्टमध्ये पाटी असते, "सहा माणसं, ४०८ किलो". "म्हणजे माणसी अडुसष्ट," बाई म्हणत. "बरोब्बर अडुसष्ट किलोचा एक माणूस आणून दाखव मला. खोटी पाटी! माझ्या हाती असतं तर सील ठोकलं असतं."

"ती सरासरी असते!" थोरली ओरडायची.

"सरासरी म्हणजे सभ्य भाषेत अंदाज."

थोरली पाय आपटत घरी यायची. आणि दृढीकरणाला तीन महिने उरले, तेव्हा तिने जेवताना शांतपणे सांगितलं, "बाबा, एकोणीस जणांचं झालं. मला ती माणसं खरंच आवडतात. मास्तरसुद्धा, आणि ते माझे नव्हेतच. पण मंडळी म्हणजे माणसं ना? मग एक माणूस बाकी असताना मी पुढे जाऊन 'हो' कशी म्हणू? ते खोटं होईल. आणि देवासमोर."

भावोजींचा घास हातात राहिला. स्वतः लावलेल्या दोरीतच त्यांचा पाय अडकला होता. नियम त्यांचेच, रकाना त्यांचाच.

"बघतो," ते म्हणाले. पण या वेळी आवाज जरा वेगळा होता.

त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकतात. एका शनिवारी सकाळी ते बाईंच्या इमारतीत वीस किलोची वीस लोखंडी वजनं घेऊन आले. लिफ्टची चाचणी अशाच वजनांनी करतात. बाईंना जिन्याच्या तोंडाशी बोलावलं आणि म्हणाले, "चारशे आठ. तुमच्यासमोर चढवतो."

"वीस गुणिले वीस चारशे," बाई म्हणाल्या. "वरचे आठ कुठायत?"

भावोजींच्या कानशिलांवर लाली चढली. आठ किलो त्यांनी आणलेच नव्हते. बाई वर गेल्या, जिन्याने, आणि धापा टाकत परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पितळेची वजनं होती. दोन-दोन किलोची चार, घासून लख्ख केलेली. सरकारी नोकरीतली आठवण. ती त्यांनी स्वतःच्या हाताने, लोखंडी वजनांना न टेकवता, एका कोपऱ्यात मांडली. लिफ्ट वर गेली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रत्येक मजल्यावर बाईंनी जिन्यावरून पळत जाऊन दरवाजाची पातळी बघितली. इमारतीतले लोक कठड्यावर जमले. शेवटी बाई म्हणाल्या, "काम चोख आहे तुमचं."

भावोजी आशेने म्हणाले, "मग मुलीचं…"

"मुलगी उद्धट आहे. त्याला वजनं चालत नाहीत."

त्या दिवसापासून बाई लिफ्टने जायला लागल्या आणि भावोजींना रस्त्यात थांबवून नमस्कार करायला लागल्या. थोरली मात्र आणखीच भडकली. "तुमचं जमलं त्यांच्याशी! माझं काय?"

दृढीकरणाच्या आधीच्या शुक्रवारी ताई आली. भिंतीवर तीन खिळ्यांना टांगलेले कार्डांचे तीन गठ्ठे बघून बॅग हातात धरूनच उभी राहिली. "अहो, हे काय? माणसांना तेल घालत होतात दोन वर्षं?" मग तिने एकेक वाचायला घेतलं. हसता हसता तिला उचकी लागली. शेवटी ते एक कार्ड हातात आलं, वरपासून खालपर्यंत "पार्ट मागवलाय, पार्ट मागवलाय", आणि शेवटच्या ओळीत, ताज्या शाईने, "नाही". तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने नजर चुकवली नाही. ताई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आता गं? परवा ही सगळ्यांसमोर काय बोलेल?" मी म्हटलं, "तू प्रार्थना कर. मी केली आहे. भावोजी तर दोन दिवस जेवलेले नाहीत."

रविवारी चर्च भरलं होतं. थोरली पांढऱ्या पोशाखात पुढे उभी राहिली. पाळकसाहेबांनी विचारलं, "बाळ, तू स्वतःच्या इच्छेने या मंडळीत राहायला तयार आहेस का?"

शांतता. मास्तर खोकले. भावोजींनी पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"एकोणीस जणांपुरती हो," थोरली म्हणाली.

पाळकसाहेबांनी पुस्तकाची दोन पानं पुढे उलटली, दोन मागे. असं उत्तर कुठेच नव्हतं. "तसं… तसं नसतं गं. एक तर हो, नाहीतर…"

"माझ्या वाट्याचं एक माणूस बाकी आहे, साहेब. मी खोटं बोलू का?"

सगळ्या चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. बेकरीवाले पंच उठून उभे राहिले. "मी तर नाही ना गं तो?"

"नाही काका, तुम्ही मधल्याचे."

"देवाची कृपा," म्हणून ते बसले. लगेच दातांचे डॉक्टर उठले. मग एक आत्या. मग तिच्या मागची आत्या. पाळकसाहेब दोन्ही हातांनी "बसा, बसा" करत होते. पायपेटीवाल्या आजींना वाटलं गीत सांगितलं, आणि त्यांनी वाजवायलाही घेतलं.

"पुरे!" मागच्या बाकावरून आवाज आला. पाय-खाली बाई उठल्या आणि मधल्या वाटेने तरातरा पुढे आल्या. "मीच ती. सगळ्यांचा वेळ घेऊ नका."

थोरली लाल झाली, पण मागे हटली नाही.

"मी त्या मागच्या बाकावर चौतीस वर्षं बसते," बाई म्हणाल्या. "इथले नऊ जण मला सहन होत नाहीत. नावं सांगू?"

"नको, नको!" पाळकसाहेब म्हणाले.

"मग येता कशाला?" थोरलीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

बाई पहिल्यांदाच जरा अडखळल्या. "कारण मीही त्या नऊ जणांना सहन होत नाही. तरी दर रविवारी माझ्यासाठी जागा धरलेली असते. त्यावर कोणी बसत नाही. एकदाही नाही." मग पुन्हा त्यांचा तो नेहमीचा आवाज लागला. "तुझं माझ्यावर प्रेम नाही ना? नसू दे. माझंही तुझ्यावर नाही. पण मागच्या गुरुवारी तू आली नाहीस. मी साडेसहापर्यंत दार उघडं ठेवलं होतं. डास आले घरात!"

"मागच्या गुरुवारी माझी परीक्षा होती."

"सांगायचं मग!"

"तुमच्याकडे फोन नाही!"

"जिना आहे!"

थोरली बाईंकडे बघत राहिली, मग पाळकसाहेबांकडे वळली, आणि दोन वर्षं भावोजींनी जे ऐकण्यासाठी जिवाचं रान केलं ते अगदी हळू म्हणाली.

"हो."

"मोठ्याने!" बाई म्हणाल्या. "मागे ऐकू गेलं नाही."

"हो!" थोरली ओरडली. इतकी, की मास्तरांनी समाधानाने मान हलवली.

ताईने भावोजींचा हात धरला. ती रडत होती आणि ते म्हणत होते, "पाणी आहे का?"

उपासना सुटल्यावर आम्ही अंगणात उभे होतो. ताईला भेटायला सगळे येत होते, मधला तिला एकेकाची ओळख करून देत होता, जणू तीच नवीन होती. थोरलीला शोधायला वळले तर ती बाईंशी वाद घालत होती. बाईंचं म्हणणं, पाळकांनी रजिस्टरमध्ये दुसरा "हो" लिहावा, कारण पहिला नियमात बसत नाही, ऐकू आलेला नाही. थोरलीचं म्हणणं, देवाला पहिलाच ऐकू गेला, दुसरा फक्त बाईंसाठी होता.

"देवाला सगळंच ऐकू येतं, पण रजिस्टर देव लिहीत नाही!"

"मग पाळकांनाच विचारू!"

"पाळकांना काय कळतंय? आधी माझ्याकडे नियमांचं पुस्तक आहे ते बघ."

त्या दोघी भांडत भांडत फाटकाबाहेर पडल्या. कोपऱ्यावर दोन रस्ते फुटतात, एक ताईच्या घराकडे जातो आणि एक बाईंच्या इमारतीकडे. थोरली हातवारे करत, मान उडवत, बाईंच्या रस्त्याला वळली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.